वाचकांचे प्रश्न : बायपोलर आजार आणि झोपेची वेळ

बायपोलर आजारात माणसाचे मन काही काळ उन्मादाकडे आणि काही काळ नैराश्याकडे झुकते. मधले महिने, कधी वर्षेही, तो अगदी नेहमीसारखा असतो. या आजाराविषयी आलेल्या पत्रांत औषधांपेक्षाही झोपेविषयी अधिक विचारणा आहे, म्हणून या अंकात तेवढेच प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी उन्मादाचा झटका आल्याने त्याला रुग्णालयात ठेवावे लागले होते. लिथियम चालू आहे, नोकरीही लागली आहे. यंदा गणपतीत मंडळाच्या देखाव्याचे काम त्याने अंगावर घेतले. चार रात्री झाल्या, पहाटे तीनला येतो आणि सहाला उठून पुन्हा जातो. थकल्याचे नाव नाही. "आई, मला झोपेची गरजच वाटत नाही, विसर्जन झाले की झोपेन," म्हणतो. घरचे म्हणतात, सगळीच पोरे जागतात. माझा मात्र जीव थाऱ्यावर नाही. — एक आई, कराड

उत्तर : तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी मी तुमच्याशी फोनवर बोललो होतो, इतर वाचकांना उपयोग व्हावा म्हणून तेच इथे सविस्तर लिहीत आहे. तुमची भीती रास्त होती, आणि ज्या वाक्याने ती वाटली ते वाक्यही तुम्ही नेमके टिपले होते. मंडळातली इतर मुलेही चार रात्री जागली असतील. पण पाचव्या दिवशी ती मांडवातल्या खुर्चीतच पेंगतात, चिडचिड करतात आणि जरा सवड मिळाली की आडवी होतात. झोप कमी मिळणे वेगळे आणि झोपेची गरजच कमी होणे वेगळे. निद्रानाश झालेला माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी गळून गेलेला असतो. उन्मादाच्या उंबरठ्यावरचा माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो, त्याला भराभर कल्पना सुचतात, बोलण्याचा वेग वाढतो आणि खिशातला पैसा सहज सुटू लागतो. म्हणून घरच्यांनी किती तास झोपला एवढेच मोजू नये, उठल्यावर कसा होता हेही पाहावे.

जागरणामुळे उन्माद होतो की उन्मादामुळे जागरण होते, असेही तुम्ही विचारले होते. दोन्ही खरे आहे, आणि हा आजार हाताळताना सर्वांत अवघड जागा हीच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील थॉमस वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असे मांडले की उन्मादाची निमित्ते वरवर कितीही वेगवेगळी दिसली, कोणाच्या घरी मृत्यू झालेला असो, कोणी लांबचा प्रवास केलेला असो, कोणी नुकतीच बाळंत झालेली असो, तरी त्यांतली बरीचशी शेवटी झोप कमी होण्याच्या एकाच वाटेने जातात. झोप घटली की उन्माद चढतो, उन्माद चढला की झोप आणखी घटते, आणि हे चक्र एकदा फिरू लागले की मूळ निमित्त संपले तरी ते आपल्याच जोरावर फिरत राहते. विसर्जन झाल्यावर मुलगा आपोआप झोपेल, या भरवशावर राहू नका असे मी म्हटले ते यासाठीच.

प्रत्येक रुग्णाला जागरण असेच बाधते असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांना विचारून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात साधारण पाचातल्या एकाने सांगितले की झोपमोड झाली की आपल्याला उन्माद येतो. स्त्रियांमध्ये आणि ज्यांना पूर्ण तीव्रतेचे उन्माद येतात त्यांच्यामध्ये हे प्रमाण अधिक होते. आपले माणूस त्या पाचातले एक आहे का, हे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे मागच्या झटक्याआधीचे आठ दिवस आठवून पाहणे. मी तसे विचारले तेव्हा तुम्ही क्षणभर थांबलात आणि मग आतेभावाच्या लग्नातली हळद, त्यानंतरचा जागरण-गोंधळ आणि रात्रीच्या एसटीचा परतीचा प्रवास असे ओळीने सांगितलेत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच होते.

अशा वेळी पहिले काम म्हणजे त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना कळवणे, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहणे. ते रक्तातल्या लिथियमची पातळी तपासतील आणि बहुधा काही दिवसांपुरते एखादे औषध वाढवतील. घरात उरलेली झोपेची गोळी देऊ नये आणि लिथियमची मात्रा आपल्या मनाने वाढवू नये, कारण लिथियमच्या गुणकारी आणि घातक पातळीत अंतर फार थोडे असते. संध्याकाळी घरातले दिवे मंद करावेत, नऊनंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि वाद टाळावा; चढत्या मनाशी वाद घालून ते उतरत नाही. मंडळातल्या एखाद्या समंजस कार्यकर्त्याला विश्वासात घेऊन त्याच्याकडे रात्रीऐवजी दिवसाचे काम सोपवून घ्यावे, म्हणजे त्याला बाजूला सारल्यासारखे वाटत नाही. तज्ज्ञ हाताशी नसतील तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी ४१ वर्षांची शिक्षिका आहे. गोळ्या वेळेवर घेते. शाळेच्या दिवशी रात्री ११ ते सकाळी ६ झोपते. शनिवारी रात्री मालिका पाहत तीन वाजतात, मग रविवारी साडेदहाला उठते. तास भरतात, उलट अर्धा तास जास्तच होतो. तरी डॉक्टर वेळेवरून बोलतात. तास पुरेसे असताना वेळेने काय बिघडते? — एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : मेंदूमध्ये, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराचे तापमान, संप्रेरके, भूक, झोप या सर्वांचे वेळापत्रक तो राखतो. या घड्याळाचा दिवस बहुतेक माणसांत २४ तासांहून थोडा मोठा असतो, त्यामुळे ते रोज जरासे मागे पडते आणि सकाळचा प्रकाश डोळ्यांत गेला की पुन्हा जुळते. तुम्ही रविवारी साडेचार तास उशिरा उठता तेव्हा हा सकाळचा प्रकाश त्याला मिळत नाही. उन्हाळ्यात भारत आणि लंडन यांच्या घड्याळांत साडेचार तासांचेच अंतर असते. म्हणजे घड्याळाच्या दृष्टीने तुम्ही दर शनिवारी लंडनला जाता आणि सोमवारी पहिल्या तासाला कोल्हापुरात हजर होता. निरोगी माणूस हे कसेबसे निभावून नेतो. बायपोलर आजारात हे घड्याळच मुळात हळवे असते, असे मानायला बरीच कारणे आहेत. लिथियमचा या घड्याळाच्या गतीवर परिणाम होतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे, आणि मला ते फार बोलके वाटते.

पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी याच विचारावर एक उपचारपद्धती उभी केली. तिच्यात रुग्णाचे नातेसंबंध आणि त्याच्या दिवसाची लय या दोन्हींकडे लक्ष दिले जाते. १७५ रुग्णांवरील त्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आजाराच्या ऐन काळात औषधांबरोबर ही पद्धत ज्यांना मिळाली ते पुढचा झटका येईपर्यंत अधिक काळ बरे राहिले, आणि ज्यांची दिनचर्या जितकी नियमित झाली तितका त्यांना अधिक लाभ झाला. या पद्धतीत रोज पाच वेळा टिपायच्या असतात : अंथरुणातून उठण्याची, कोणाशी तरी पहिले बोलण्याची, कामाला लागण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि अंथरुणात शिरण्याची.

माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक गृहस्थ शंभरपानी चौकटीच्या वहीत हे लिहितात. एका मंगळवारची नोंद अशी आहे : "उठलो ५.५०. पहिले बोलणे दूधवाल्याशी, ६.१०. दुकान ९.३०. जेवण ८.१५. दिवा बंद १०.३५. मन ०." त्यांच्या हिशेबात शून्य म्हणजे नेहमीसारखे, अधिक म्हणजे चढते, उणे म्हणजे उतरते. गुरुवारी उठण्याची वेळ ४.४० आहे आणि मन +१, शुक्रवारी ३.५० आणि +२. शुक्रवारच्या ओळीशेजारी लाल शाईत लिहिले आहे, "डॉक्टरांना फोन केला." तो फोन मला सकाळी साडेसात वाजता आला होता. त्या वेळी गृहस्थांना स्वतःला अतिशय प्रसन्न वाटत होते आणि तक्रार अशी काहीच नव्हती. फोन त्यांनी केवळ वहीवर विश्वास ठेवून केला. त्या खेपेला रुग्णालयात जावे लागले नाही.

तुम्हाला एकच गोष्ट सांगायची तर उठण्याची वेळ धरून ठेवा. झोप काही हुकमाने येत नाही, पण उठणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते, आणि तेवढे पक्के झाले की झोपण्याची वेळ हळूहळू मागून येते. रविवारी सहाऐवजी पावणेसात वाजले तर काही बिघडत नाही. मालिका मात्र रविवारी दुपारी पाहा. आणखी एक सूचना : निद्रानाशावर अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची एक पद्धत सध्या सर्वत्र वाचायला मिळते. साध्या निद्रानाशात ती गुणकारी आहे. पण बायपोलर आजारात त्या कमी केलेल्या झोपेनेच उन्माद उठू शकतो, म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करून पाहू नये.

प्रश्न : माझे यजमान तीन महिन्यांपासून नैराश्यात आहेत. औषधे चालू आहेत. दुपारी बाराशिवाय उठत नाहीत आणि रात्री दोनपर्यंत जागेच असतात. सासूबाई म्हणतात, पहाटे पाचला उठवून अंघोळ घाल म्हणजे आळस जाईल. मी काय करू? — एक पत्नी, नाशिक

उत्तर : हा आळस नाही. बायपोलर आजारातल्या नैराश्यात अनेकांची झोप वाढते आणि शरीराचे घड्याळ मागे पडत जाते. बाराला उठणाऱ्या माणसाला पाचला उठवणे म्हणजे आपल्याला रात्री अकराला, नुकता डोळा लागला असताना, उठवून कामाला लावण्यासारखे आहे. सासूबाईंच्या मनात मुलाविषयी काळजीच आहे, हे मी जाणतो. त्यांना हे पत्र वाचून दाखवावे.

उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. उठल्याबरोबर पडदे सरकवावेत, चहा खोलीत न देता गॅलरीत किंवा अंगणात द्यावा आणि दुपारी थोडा वेळ दोघांनी बाहेर उजेडात चालावे. दुपारच्या उजेडाला विशेष महत्त्व आहे. अमेरिकेत डोरोथी सिट यांनी ४६ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषधांच्या जोडीला सहा आठवडे दुपारी तेजस्वी प्रकाशासमोर बसलेल्यांपैकी ६८ टक्के रुग्णांचे नैराश्य जवळपास पूर्ण ओसरले. मंद लाल प्रकाश मिळालेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. त्यांच्याच आधीच्या एका छोट्या अभ्यासात सकाळी दिलेल्या तेजस्वी प्रकाशाने काही स्त्रियांमध्ये उन्माद आणि नैराश्य एकाच वेळी दिसणारी संमिश्र अवस्था निर्माण झाली होती, म्हणून वेळ दुपारची निवडली गेली. बाजारात मिळणारे प्रकाशाचे दिवे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आपल्याकडे बाहेरचे ऊन मुबलक आहे.

एक धोका सांगून ठेवतो. पूर्ण रात्र जागवली तर नैराश्य दुसऱ्या दिवशी एकदम हलके वाटते, हा अनुभव पुष्कळ रुग्णांना योगायोगाने येतो आणि मग तो मुद्दाम घ्यावासा वाटतो. हा हलकेपणा बहुधा पुढच्या झोपेबरोबर जातो, आणि बायपोलर आजारात तो थेट उन्मादातही नेऊ शकतो. तसा प्रयोग घरी अजिबात करू नये.

प्रश्न : संध्याकाळी नारिंगी काचांचा चष्मा लावला तर उन्माद कमी होतो, असे वाचले. खरे आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यात तथ्य आहे. डोळ्यांतल्या काही पेशी निळसर प्रकाशाने मेंदूला दिवस असल्याची खबर देतात. नारिंगी काच तो प्रकाश अडवते, आणि मेंदूच्या लेखी अंधार होतो. नॉर्वेमध्ये तोने हेन्रिक्सन यांनी उन्मादासाठी रुग्णालयात दाखल झालेल्यांना सात दिवस संध्याकाळी ६ ते सकाळी ८ असा चष्मा दिला. साधी काच मिळालेल्यांपेक्षा त्यांचा उन्माद बराच लवकर उतरला. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण थोडे होते आणि सर्वांची औषधे चालूच होती. तेव्हा चष्मा औषधांच्या जोडीला, डॉक्टरांना सांगून वापरावा. नैराश्य असताना वापरू नये.

प्रश्न : मला सातवा महिना आहे. बायपोलर आजार सहा वर्षांपासून आहे. बाळंतपणाला लातूरला माहेरी जाणार आहे. तान्ह्या बाळाबरोबर रात्रीची झोप कशी सांभाळायची? — एक वाचक, पुणे

उत्तर : हा प्रश्न तुम्ही आत्ताच विचारलात याचे मला मनापासून समाधान वाटते. बायपोलर आजार असलेल्या स्त्रीसाठी बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, आणि तीव्र स्वरूपाचा आजार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. संप्रेरकांतला अचानक बदल आणि झोपमोड ही दोन्ही त्यामागची कारणे आहेत. पहिल्या कारणावर आपला इलाज चालत नाही, दुसऱ्यावर थोडाफार चालतो.

लातूरला जाण्यापूर्वी आई, यजमान आणि जे कोणी रात्री घरात असतील त्यांच्याबरोबर बसून पाळ्या ठरवा. रात्री १० ते पहाटे ३ हे पाच तास बाळ तुमच्या खोलीत नसावे. त्या वेळचे दूध आधी काढून ठेवलेले असेल किंवा वरचे असेल. अंगावर पाजायचे की नाही हे तुमच्या औषधांवर अवलंबून असल्याने मनोविकारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्याशी बोलून आत्ताच ठरवावे. रात्री वरचे दूध दिल्याने आईच्या मायेत काहीही उणे पडत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. बाळंतिणीची खोली अंधारी ठेवण्याची आपल्याकडची रीत रात्री उपयोगाची आहे. दिवसा मात्र खिडकी उघडी असू द्या. बाराव्या दिवशीचे बारसे नेमके त्या जोखमीच्या दोन आठवड्यांत येते. ते घरच्या घरी आटोपावे किंवा सव्वा महिन्यानंतर करावे. कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नका. दोन रात्री सलग झोप आली नाही आणि तरीही थकवा वाटत नसेल, तर लातूरहून त्याच दिवशी फोन करायचा, हे आईला लिहून द्या.

प्रश्न : वय ६२. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायचे आहे. मला बायपोलर आजार आहे, दहा वर्षे ठीक आहे. प्रवासाने त्रास होईल का? — एक आजी, डोंबिवली

उत्तर : अवश्य जा, पण तयारीने. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून जवळच्या रुग्णालयात दाखल झालेल्या मनोरुग्णांचा एक अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पश्चिमेकडे उडून आलेल्यांत नैराश्य अधिक आढळले आणि पूर्वेकडे आलेल्यांत उन्माद. या हिशेबाने तुम्हाला जाण्यापेक्षा परतीचा प्रवास अधिक जपायला हवा, कारण न्यू जर्सीहून मुंबईला येताना घड्याळ साडेनऊ ते साडेदहा तास पुढे जाते आणि मधली रात्र जवळजवळ हरवते. दोन्ही वेळी पोहोचल्यावर पहिले तीन-चार दिवस काही कार्यक्रम ठेवू नका आणि गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. लिथियम असेल तर विमानात पाणी पुरेसे प्या आणि अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. नातवंडाला न्हाऊ-माखू घालणे, डिंकाचे लाडू, सकाळची पेज हे सारे तुमच्याकडे असू द्या. रात्रीची पाळी जावयांकडे द्या, आणि ती का, हे मुलीने त्यांना निघण्यापूर्वीच सांगावे.

प्रश्न : सोसायटीत दरवर्षी कोजागरीला रात्री बारा वाजता दूध असते. झोपेची वेळ सांभाळायची म्हणून मी तीन वर्षे गेलेलो नाही. एवढे कडक राहायलाच हवे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. चार माणसांत मिसळणे हाही दिनचर्येचाच भाग आहे, आणि आजाराच्या भीतीने एकटे पडणे मनाला चांगले नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. नऊपर्यंत तो चांगला वर आलेला असतो आणि गच्चीवरच्या दुधात त्याचे प्रतिबिंब सहज पडते. सोसायटीत लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिकही असतील, त्यांच्यासाठी यंदा दूध नऊ वाजता ठेवावे असे तुम्हीच सुचवा, आणि साडेदहाला घरी या.